भूकंप, घर आणि न्याय



संस्थेच्या व्याख्यानमालेत पाहुणे अभ्यासक नीतिमत्ता, आपत्ती आणि पर्यावरण या विषयांवर बोलतात. पत्रिकेवर हे तीन विषय निरनिराळे छापले जातात. आम्हा लातूर-नांदेडच्या माणसांना मात्र ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून आज किल्लारीवरच बोलू.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसे उशिरा झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास धक्का बसला आणि औसा व उमरगा तालुक्यांतील गावेच्या गावे बसली. आठ ते दहा हजार माणसे गेली. धक्का ६.२ च्या आसपासचा होता. याहून मोठे धक्के जगात बसतात आणि सगळीकडे इतकी माणसे मरत नाहीत. मग इथे का मेली? कोप झाला, पाप भरले, असे म्हणणारे होतेच. आम्ही म्हणतो, आधी भिंतीकडे पाहा.

दोन-अडीच फूट जाडीची दगडाची भिंत, पण चिखलात बांधलेली. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच. वर माळवद; गळू लागले की त्यावर मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, यात शंका नाही. पण जमीन हलली की भिंत दोन्ही बाजूंना फुटते आणि वरची सारी माती झोपलेल्यांच्या अंगावर येते. ज्यांना माळवद परवडत नव्हते त्यांची कुडाची, गवताची घरे हलकी होती. त्यांत जीव वाचण्याची शक्यता अधिक होती.

शास्त्राचेही तेव्हा चुकले. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीला लहान धक्के बसत होते, तरी नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली तो विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला.

आता नीतीचा प्रश्न. बावन्न गावे नव्या जागी बसवण्यात आली. जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातून मदत आली, काम मोठे झाले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु घर कोणाला केवढे, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, आणि सात हेक्टरच्या वर ७५०. शेतकऱ्याला बैल, धान्य, औजारे ठेवायला जागा लागते, हे खरे. त्यासाठी गोठा वेगळा देता आला असता. भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात काय? आणि जमीन कोणाकडे का नव्हती, हे या सभागृहात सांगायला नको. भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता. मदतीने तो पाहिला.

पाण्याचेही असेच. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेला तंटा आपण ऐकलेला आहे. २०१६ साली लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. ज्याच्याकडे टँकरला पैसे होते त्याने विकत घेतले. बाकीच्यांनी घागरी घेऊन रात्री जागवल्या. पाऊस कमी पडला हे निसर्गाचे. उसाला किती आणि वस्तीला किती, हे आपण ठरवलेले.

विद्यार्थी मित्रहो, २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ चा धक्का नांदेडलाही जाणवला. तेव्हा सुटीत गावी जाल तेव्हा जुन्या घरांच्या भिंती पाहा. कोठे फुगवटा आला आहे, कोपरा कोठे सुटला आहे, माळवदावर मातीचा थर किती आहे, हे वहीत लिहा आणि घरमालकाला दाखवा. भिंतीत आरपार दगड घालायला जाणता गवंडी लागेल. वरची जास्तीची माती उतरवायला मात्र टोपले, फावडे आणि चार माणसे पुरतात.