मालाडचा हिंवाळा आणि छायाचित्रकार

हिंवाळ्याचें छायाचित्र म्हटलें कीं बर्फाच्छादित शिखरें आणि निष्पर्ण वृक्ष डोळ्यांपुढें उभे राहतात. मालाडला यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें थंडीची चाहूल लागते ती पहांटेच्या गारव्यानें आणि खाडीवर पसरलेल्या धूसर पडद्यानें. तरीहि छायाचित्रकारास वर्षांतले उत्तम दिवस याच ऋतूंत लाभतात. आणि त्याचें कारण थंडी नसून सूर्य हें आहे.

मे महिन्याच्या मध्यास मुंबईंत माध्यान्हीचा सूर्य अगदीं डोक्यावर येतो; सावल्या पायांखालीं गोळा होतात व सारें दृश्य सपाट दिसतें. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारींहि क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवरच राहतो. त्याच्या तिरप्या किरणांनीं आक्साच्या वाळूवरील लहरी आणि मढच्या कोळीवाड्यांत वाळत घातलेले बोंबील उठावानें दिसूं लागतात. मात्र तेथें राबणाऱ्या स्त्रियांचें चित्र घेण्यापूर्वीं त्यांची अनुमति विचारावी. त्या देखाव्याचा भाग नव्हेत, त्या आपल्या कामांत असतात.

सकाळीं मार्वे रस्त्यावरून पूर्वेकडे पाहावें. पुढें तिवरांची काळी किनार, मागें इमारती, त्यांहून मागें राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या. धूसरपणामुळें प्रत्येक थर आधींच्याहून फिकट होत जातो. येथें नवशिक्याची चूक ठरलेली. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक सारें जग मध्यम करड्या रंगाचें मानतो. म्हणून गुलमर्गचा बर्फ जसा चित्रांत मळकट उतरतो, तसें मालाडचें उजळ धुकेंहि काळवंडतें. मापक सांगेल त्याहून अर्धा ते एक टप्पा अधिक प्रकाश द्यावा, आणि एखादी होडी वा तिवराची फांदी जवळ धरावी, म्हणजे नजरेस आधार मिळतो.

छायाप्रकाशाचा हा विचार मालाडला नवा नाहीं. १९३४ सालीं हिमांशु राय यांनीं येथेंच बाँबे टॉकीजची स्थापना केली. तिचे जर्मन छायालेखक योसेफ व्हिर्शिंग यांच्या ‘महल’ (१९४९) या बोलपटांत थोडासा प्रकाश किती बोलूं शकतो, हें आजहि पाहावयास मिळतें.

परंतु तो मोहक पडदा निव्वळ धुक्याचा नसतो. हिंवाळ्याच्या रात्रीं जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर उबदार हवेचें झांकण बसतें. शहराचा धूर व बांधकामांची धूळ त्याखालीं कोंडून राहते. दुपारीं समुद्रावरचा वारा सुटला म्हणजे पडदा विरतो. चित्रास शोभा आणणारी ती धूसरता तेथील माणसांच्या श्वासांतहि जात असते.

म्हणून सुंदर चित्राबरोबर एक प्रामाणिक चित्रहि घ्यावें. दरवर्षीं त्याच तारखेस, त्याच जागेवरून, त्याच भिंगानें खाडी टिपावी व मागें तारीख आणि वेळ लिहावी. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस मनाई केली. ती किनार टिकली कीं मागें सरली, हें अशीं चित्रें सांगूं शकतील. आजचीं यंत्रें चित्रांतील धूसरपणा क्षणांत पुसून टाकतात. या एका चित्रांत तरी तो मोह आवरावा. पुसलेल्या चित्रांत आकाश स्वच्छ दिसेल. परंतु साक्ष मात्र खोटी होईल.