कोर्टाची तारीख आणि घरातला मोबाईल



दावा, फिर्याद, वकील, तारीख हे शब्द आपल्या घरच्या उर्दूत आहेत आणि शाळेच्या मराठीतही आहेत. शब्द ओळखीचे आहेत, पण कोर्टाची पायरी आपल्याला परकी वाटते. या परकेपणाची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझ्या लहानपणी शेताच्या बांधावरून आमच्यावर एक दावा लागला होता. अब्बा दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने कोर्टात जात. संध्याकाळी अम्मीने विचारले की उत्तर एकच असे, "तारीख मिळाली." अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हते. एका मध्यस्थाला पैसे देऊन ते तारीख विचारून घेत. एकदा त्याने ती चुकीची सांगितली. अब्बा गैरहजर राहिले आणि दाव्याचा निकाल एकतर्फी लागला. तो रद्द करून घेण्यात दोन वर्षे गेली.

आज अशी चूक टाळता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ साली न्यायालयांच्या संगणकीकरणाचा राष्ट्रीय आराखडा तयार केला. २००७ पासून ई-कोर्ट्स प्रकल्प सुरू झाला. २०२३ साली त्याच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. आता प्रत्येक खटल्याला अक्षरे व अंक मिळून १६ चिन्हांचा सी.एन.आर. क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये भरला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. त्यासाठी फी नाही, की मध्यस्थ नाही.

साक्षीच्या बाबतीतही असाच बदल झाला. महाराष्ट्रातील एका खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष हवी होती. व्हिडिओद्वारे साक्ष घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. मात्र २००३ साली डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. म्हणूनच २०२० साली कोरोनाने दारे बंद केली, तेव्हाही देशभर पडद्यावर सुनावण्या होऊ शकल्या.

परंतु मित्रांनो, यंत्राकडून भलती अपेक्षा नको. न्यायाधीशाची रिकामी जागा संगणक भरत नाही. वारंवार मागितली जाणारी मुदतही तो थांबवत नाही. शिवाय ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी मोबाईल हातात धरणारा माणूस हाच नवा मध्यस्थ होतो. आणखी एक सावधगिरी बाळगा. व्हिडिओ कॉलवर पोलीस किंवा न्यायाधीश बनून कोणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणत पैसे मागितले, तर फोन ताबडतोब बंद करा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

पालकांनो, मुलीला आठवीनंतर घरी बसवू नका. उद्या तुमच्या घरचा कागद तीच वाचणार आहे. विद्यार्थ्यांनो, धामणगाव बढ्यात ज्या घरी कोर्टाचे काम चालू आहे, तिथे जा. वकीलसाहेबांच्या कागदावरून सी.एन.आर. क्रमांक उतरवून घ्या, तारीख पाहा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मोबदला घेऊ नका, आणि दुसऱ्याच्या घरची गोष्ट बाहेर बोलू नका.

निकाल न्यायाधीश देतील. तारीख मात्र आपल्या घरातच वाचता आली पाहिजे. माझ्या अब्बांना ती वाचता आली नाही, म्हणून मी हे आपल्यासमोर मांडले.