शंका आली तरी पुरे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठीत म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या घरी दखनी बोलतात, तिच्यात अशा वेळी म्हणतात, 'मिट्टी डालो'. मोहल्ला असो की वाडा, घरातली भानगड उंबऱ्याबाहेर जाऊ नये याची सोय प्रत्येक बोलीनं करून ठेवलेली आहे. मी शब्दांत रमणारी बाई, त्यामुळे माझं लक्ष अशा म्हणींकडे लवकर जातं. आज बोलायचं आहे ते एका कायद्याबद्दल. ही मूठ उघडणं त्यानं सक्तीचं केलं आहे.

'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२' असं त्याचं लांबलचक नाव. लोक त्याला पॉक्सो म्हणतात. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे बालदिनी, तो अमलात आला. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या छत्राखाली येतं. त्यातल्या कडक शिक्षांबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येतं. कलम १९ मात्र कुणी फारसं वाचत नाही. ते तुमच्या-माझ्याबद्दल आहे, म्हणूनच कदाचित. असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा तो घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीनं पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं ते सांगतं. कोणत्याही व्यक्तीनं! म्हणजे शेजारीण, रिक्षावाले काका, शिकवणीच्या बाई, डॉक्टर, मौलवीसाहेब, भटजीबुवा, आणि घरातली आजीसुद्धा. माहीत असून गप्प बसलं तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. एखाद्या संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं असं कृत्य दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. खुद्द मूल गप्प राहिलं तर त्याला मात्र शिक्षा नाही. एवढी समज कायद्यानं दाखवली आहे.

यातला 'धास्ती' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कायदा तुमच्याकडे पुरावा मागत नाही. आपल्याकडची बहुतेक चांगली माणसं इथंच अडखळतात. 'डोळ्यांनी कुठं पाहिलंय? उगाच कुणाच्या संसारात कशाला माती कालवायची?' असं म्हणून ती मागं फिरतात. पण शोध घेणं पोलिसांचं काम आणि निवाडा न्यायाधीशांचा. आपण फक्त शंका पोचवायची. सद्भावनेनं दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली तरी सांगणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. सूड म्हणून खोटी तक्रार करणाऱ्याला वेगळी शिक्षा आहे, आणि ती असायलाच हवी.

आता शंका यायची कशी? मुलं सरळ सांगत नाहीत, कारण सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात. आपण लेकराला नाक, कान, डोळे, गुडघा सगळं शिकवतो. उघडं धावत आलं की मात्र सारं घर हसत 'शेम शेम' म्हणतं. शरीराच्या त्या भागाला आपण दिलेलं पहिलं नाव म्हणजे शरम. मग उद्या कुणी तिथं हात लावला तर शरम आपलीच, असं त्या जिवाला वाटलं तर नवल काय? म्हणून मूल आडून बोलतं. अमक्या काकांकडे जायचं नाही म्हणतं. क्लासची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखतं. अंथरूण ओलं करायची सवय गेलेली, ती परत येते. खेळता खेळता वयाला न शोभणारं काही बोलून जातं. यातली कुठलीही एक गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे; पोटात गणिताच्या पेपरानंही दुखतं. पण थांबून, मायेनं, न दरडावता विचारावं, एवढं कारण त्यात नक्की असतं.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला होता. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार केला होता. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे वा विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी हे त्यापूर्वी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. हा अहवाल आला तेव्हा पॉक्सो नव्हता. तो यायला आणखी पाच वर्षं लागली.

मुलांसाठी कवितेची शिबिरं घ्यायला मी अधूनमधून तालुक्याच्या गावांत जाते. अशाच एका गावच्या प्राथमिक शिक्षिकेनं मला सांगितलेली हकिगत. तिसरीतली एक मुलगी शाळा सुटली तरी वर्गातच रेंगाळायची. कधी फळा पुसत बसे, कधी चपला शोधत. बाईंनी चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी शेजारी बसवून विचारलं. घरी आत्याचे यजमान मुक्कामाला होते. पुढचं मुलीनं अर्ध्या वाक्यात सांगितलं, बाईंना कळायचं ते कळलं. मुख्याध्यापक म्हणाले, 'घरचं प्रकरण आहे, शाळेचं नाव कशाला मध्ये आणता?' मुलीची आई पाया पडली. नणंदेचा संसार मोडेल, दीर-भावकी उभी जाळतील, उद्या पोरीचं लग्न कसं व्हायचं, असं म्हणत रडली. श्रोतेहो, त्या आईला दोष देणं सोपं आहे. तिला माहेर नव्हतं, हातात पैसा नव्हता. बाई तिला म्हणाल्या, 'वहिनी, मी विचारायला नाही आले, सांगायला आले. मला कळलंय, आता मला गप्प बसता येत नाही.' कायद्याच्या सक्तीचा हा उपयोग मला त्या दिवशी उमगला. सांगायचं की नाही हा निर्णय त्या आईवर पडला नाही, बाईंनाही तो आपल्या मर्जीचा म्हणून मिरवावा लागला नाही. सरकारी नियमाकडे बोट दाखवून माणूस कधी कधी चांगलं काम करू शकतो!

संस्थांचं मात्र वेगळं आहे. तिथं गप्प बसण्यामागं लाचारी कमी आणि हिशेब जास्त असतो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ साली उघडकीस आलं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि असा गुन्हा माहीत असूनही न कळवणं ही गंभीर बाब असल्याचं सांगितलं. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुली, तक्रार घ्यावी म्हणून पोलीस ठाण्यात तासन् तास बसून राहिलेले आईबाप, आणि मग रेल्वेच्या रुळांवर उतरलेला जमाव. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेनं का कळवलं नाही हाही प्रश्न विचारला. शाळा, आश्रम, मदरसा, आखाडा, क्रिकेटचं कोचिंग, कुणालाही या कलमातून सुटका नाही. धर्माच्या नावाची पाटी असलेल्या जागांना तर मी जास्तच धारेवर धरीन, कारण तिथं आईबाप डोळे मिटून मूल सोपवतात.

शेजारच्या गोव्यानं हे चटके आधी सोसले. मडगावात अनाथ मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला गेला. त्याच्याकडे मुलांची छायाचित्रं सापडली आणि १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. गोव्यानं २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्यावरही कर्तव्य टाकलं होतं. रिळात मुलांची अश्लील चित्रं दिसली तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं. आज रीळ गेलं, मोबाईल आला. पॉक्सोच्या कलम २० मध्ये स्टुडिओ, हॉटेल, लॉज, दवाखाने, प्रसारमाध्यमं यांच्यावर तशीच जबाबदारी आहे.

या सक्तीला दुसरी बाजूही आहे. सतरा वर्षांची मुलगी दिवस गेले म्हणून दवाखान्यात येते. कधी ती अत्याचाराची बळी असते, कधी बालविवाहाची, कधी कोवळ्या प्रेमाची. कायद्याच्या लेखी तिन्ही सारखी, डॉक्टरनं कळवलंच पाहिजे. या भीतीनं कितीतरी मुली डॉक्टरकडे न जाता एखाद्या भोंदूकडे जातात आणि जीव धोक्यात घालतात. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये यातून थोडी वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. माझ्या मते वाट आणखी रुंद व्हायला हवी. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांचं जुळलेलं मन आणि तिसरीतल्या पोरीवर घातलेली झडप एकाच मापानं मोजू नये.

आता थोडं कामाचं. जवळच्या पोलीस ठाण्यात जाता येतं, ११२ आहे, मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक आहे. माहिती लिहून घ्यायची, तिला नोंद क्रमांक द्यायचा, ती तुम्हाला वाचून दाखवायची, हे पोलिसांवर बंधन आहे. तो क्रमांक मागून घ्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. मुलाचं नाव, घर, शाळा छापायची नाही. आणि हो, मुलाकडून तेच तेच वदवून घेऊ नका. एकदा ऐकलंत, विश्वास ठेवलात, पुरे झालं.

कायदा म्हणतो, खटला शक्यतो वर्षात संपवावा. त्या शिक्षिकेच्या गावचा खटला तिसऱ्या वर्षात आहे. मुलगी आता सहावीत गेली, आईबरोबर वेगळ्या खोलीत राहते आणि शाळा सुटली की पहिल्या घंटेला पळते. तारखेला बाई किरकोळ रजा टाकतात, सकाळच्या सहाच्या एस.टी.नं जिल्ह्याला जातात, कोर्टाच्या व्हरांड्यात वह्या तपासत बसतात. गेल्या खेपेला पुढची तारीख मिळाली.