तीस दिवस आणि पंधरा तास
(कबनूर येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्रमागांच्या गावात ट्रक चालविण्याच्या शाळेवर भाषण कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, आणि तेव्हापासून कबनूरसह या साऱ्या पंचक्रोशीचे पोट मागावर चालत आले. परंतु माग जे विणतो ते कोणीतरी वाहून न्यावेच लागते. सूत येते ते ट्रकने, कोरे कापड प्रक्रियेसाठी गुजरात-राजस्थानकडे जाते ते ट्रकने, आणि आसपासच्या कारखान्यांची साखर बाहेर पडते तीही ट्रकनेच. मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराचा मुलगा आज म्हणतो, 'मी मागावर जाणार नाही, गाडीवर जाईन.' मग तो आपल्याच कार्यकर्त्याला विचारतो, शाळेत नाव घालू का, तिथे काय शिकवतात? या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर असले पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. म्हणजे अठराव्या वर्षी शाळेत जाऊन लगेच ट्रकवर बसता येईल, असे कोणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो आहे. वैद्यकीय दाखला लागतो, शिकाऊ परवाना लागतो, आणि शाळेचे प्रमाणपत्र लागते. या प्रमाणपत्राला नियमांत 'नमुना ५' असे नाव आहे. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली.

आता मुख्य गोष्ट. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी साध्या शाळेसाठी मालवाहू वाहनाचे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचे आणि प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे तास किमान पंधरा ठरविले. हिशेब सरळ आहे : रोज अर्धा तास. शिवाय चिन्हे व रहदारीचे नियम, गाडीची निगा, आगीचा धोका, प्रथमोपचार असे विषय वर्गात शिकवायचे असतात. लोकांशी चालकाने कसे वागावे हाही अभ्यासक्रमाचा एक स्वतंत्र भाग आहे. मालकाने चालकाशी कसे वागावे, याचा अभ्यासक्रम अद्याप कोणी तयार केल्याचे ऐकिवात नाही.

हा अर्धा तास तरी पुरता मिळतो काय? पुष्कळ ठिकाणची मुले सांगतात की केबिनमध्ये चौघे बसतात, सपाट रस्त्यावर रिकामी गाडी जाते, आणि प्रत्येकाच्या हाती चाक येते ते दहा-बारा मिनिटे. म्हणून शाळेत जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी काही गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. शाळेचा मूळ परवाना आणि शिक्षकांची नावे दर्शनी जागी लावणे तिला बंधनकारक आहे. शिकवण्याच्या गाडीला दुहेरी नियंत्रण हवे, म्हणजे शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक हवा. शिक्षक किमान दहावी उत्तीर्ण, पाच वर्षे गाडी चालविलेला आणि यंत्राचे रीतसर शिक्षण घेतलेला हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक शिकाऊ चालकाने किती तास गाडी चालविली याची नोंदवही शाळेला ठेवावी लागते. नियमांत तिला 'नमुना १५' म्हणतात. ती वही मागून पाहावी. न चालविलेल्या तासांपुढे सही करू नये. सही करणारा विद्यार्थी स्वतःच्याच विरुद्ध पुरावा तयार करून ठेवतो. उद्या अपघात झाला तर शाळा वहीकडे बोट दाखवील.

परंतु समजा शाळा प्रामाणिक आहे आणि पंधराही तास पुरे मिळाले. तरी पंधरा तासांत रिकामी गाडी शिकता येते, भरलेली नव्हे. भरलेला ट्रक आंबा घाटाने रत्नागिरीकडे किंवा खंबाटकीच्या उतारावरून खाली येतो तेव्हा नुसत्या ब्रेकवर विसंबता येत नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि तापला की त्याची पकड सुटते. म्हणून खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी रोखून धरावी लागते. हे शाळेत शिक्षक सांगतो, आणि ते बरोबरच सांगतो. पण धंद्यात अनेक ठिकाणी खेपेचे डिझेल ठोक ठरवून दिले जाते. वाचेल ते चालकाचे, कमी पडेल तेही चालकाचे. मग तोच मुलगा उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायला शिकतो. शाळेचा एक महिन्याचा धडा मजुरीच्या पद्धतीपुढे एका खेपेत पुसला जातो. चालकाच्या बेफिकिरीवर प्रवचने देणाऱ्यांनी हा डिझेलचा हिशेब एकदा मांडून पाहावा. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हा सरकारचाच आकडा आहे.

मग भरलेली गाडी चालक शिकत होता कोठे? क्लीनर म्हणून. चौदा-पंधरा वर्षांचा पोर गाडी धुणे, टायर ठोकून पाहणे, दोर आवळणे अशा कामांतून वर येई आणि उस्तादाच्या मर्जीने रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर चाकाला हात लावी. त्या पद्धतीत मारझोड होती, बालमजुरी होती. तिचे गोडवे मी गाणार नाही. परंतु त्यात काळ होता, वर्षे होती. त्यानंतरची पायरी दुसऱ्या चालकाची. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक हवेत आणि चालकामागे दुसऱ्याला आडवे होण्यापुरती जागा हवी, असा नियम होता. नवा चालक अनुभवी माणसाशेजारी बसून घाट शिके, आणि तेही पगार घेत.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने ही दोन चालकांची अट काढून टाकली. त्याच वर्षी ट्रकची अधिकृत भारवहनक्षमता वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढविली. दोन्ही निर्णय एकत्र वाचा : ओझे वाढले, माणूस एक कमी झाला. वाहतूकदारांच्या खर्चातील बचत तेवढी वर्तमानपत्रांनी छापली. या बचतीबरोबर देशातील ट्रकचालकांची उमेदवारीची जागाच नाहीशी झाली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसले नाही.

अर्थशास्त्रात याला खर्चाचे स्थलांतर म्हणतात. जे शिक्षण धंद्याने आपल्या खर्चाने द्यायचे, ते आता विणकराचा मुलगा शुल्क भरून विकत घेतो. कारखान्यात फिटर घडवायचा तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकाला विद्यावेतन द्यावे लागते. आपली एसटीदेखील चालक भरती केल्यावर त्याला स्वतः प्रशिक्षण देते, मगच गाडी हाती देते. खासगी ट्रकवर मात्र पहिल्याच आठवड्यात पोराला एकट्याने भरल्या गाडीनिशी पाठवले जाते.

२०२१ पासून सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. तीत अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास आहेत, आणि दोन एकर जागेची अट आहे. तास वाढले हे चांगलेच. पण या केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील चाचणी माफ आहे. जो शिक्षण विकतो तोच गुण देतो, ही व्यवस्था मला पटत नाही. आणि दोन एकर जागा असलेला माणूस आपल्या गावातील मुलाकडून किती शुल्क घेईल, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

यावर आपल्यातले काही म्हणतील, ट्रकमालक तरी कोठे धनदांडगा आहे? खरे आहे. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचा मालक बहुधा कर्जाच्या हप्त्यात अडकलेला असतो, कित्येकदा स्वतःच गाडी चालवतो. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत होता. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच होता, आणि पुढे २०२० च्या संहितेत तो विलीन झाला. छोट्या मालकाच्या गाडीवरचा चालक त्या कायद्याच्या दाराबाहेरच राहिला. म्हणून नुसते मालकाविरुद्ध बोट रोखून भागणार नाही. पैसा भाडे देणाऱ्याकडून आला पाहिजे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. बाबा आढावांसारख्यांनी हमालांच्या संघटना बांधल्या, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. ज्याचा माल हलतो त्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची, असा तो मार्ग. आज गोदामात पोते चढविणाऱ्या नोंदीत हमालाला हे संरक्षण आहे. तेच पोते हजार मैल नेणाऱ्या चालकाला नाही. माझी सूचना अशी की मालवाहतुकीच्या भाड्यावर अल्प लेव्ही बसवावी. २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील मालाच्या आंतरराज्य खेपेला ई-वे बिल लागते, तेव्हा वसुली अशक्य आहे असे सरकारने सांगू नये. त्या निधीतून नव्या चालकाला सहा महिने दुसऱ्या आसनाचा पगार द्यावा. प्रशिक्षण त्या आसनावरच पुरे होईल.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी उत्स्फूर्त संप केला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) विरुद्ध. बेदरकारपणे एखाद्याचा मृत्यू घडवून, न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असे ते कलम. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. संघटनेवाचून विखुरलेल्या या वर्गाने मिळविलेले ते यश लहान नव्हते. परंतु त्या दिवसांत महामार्गावर भेटलेल्या कित्येक चालकांना मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ ठाऊक नव्हते. जखमीला मदत मिळवून द्यावी, पण जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर तेथून निघून जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत, मदत का देता आली नाही या कारणासह खबर द्यावी, असे ते सांगते. जमावाच्या हातून मरण किंवा तुरुंग, या दोहोंमधली वाट कायद्यात आहे. एवढा मजकूर, नमुना १५ ची माहिती आणि आठ तासांचा नियम सोप्या मराठीत एका कागदाच्या दोन्ही बाजूंना बसतो. इचलकरंजीतील छापखान्यात त्याच्या हजार प्रती काढून शाळांच्या दारात वाटायला आपल्या शाखेला एक रविवार पुरेल.