रात्रींची ऊब आणि सकाळचें देणें

महाराष्ट्रांत थंडी ही चार दिवसांची पाहुणी असते. घोंगडी, शाल किंवा फार तर शेगडी एवढ्यावर तिची बोळवण होते. परंतु इंग्लंड, जर्मनी, कॅनडा यांसारख्या देशांत ती महिनेच्या महिने ठाण मांडून बसते, आणि घर उबदार ठेवणें हा तेथें चैनीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न होऊन बसतो. तेथील पुष्कळ घरांत एक बॉयलर असतो. त्यांत तापलेलें पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतून फिरतें, भिंतीलगतच्या रेडिएटरांना आपली उष्णता देतें आणि थंड होऊन पुन्हां बॉयलरकडे परततें. खोलीची ऊब ठरलेल्या अंशावर राखण्याचें काम थर्मोस्टॅट नांवाचें लहानसें उपकरण करतें.

अशा घरांत दररोज रात्रीं एक साधा प्रश्न उपस्थित होतो. सर्व मंडळी पांघरुणांत शिरल्यावर ही ऊब कमी करावी, कीं तशीच राहूं द्यावी? एक पक्ष म्हणतो, निजलेल्या माणसांना गरम खोलीचा काय उपयोग? दुसरा पक्ष म्हणतो, रात्रभर गार पडलेलें घर सकाळीं पुन्हां तापवितांना वांचविलेलें सारें इंधन खर्ची पडतें, आणि वर थोडें अधिकच लागतें. हा वाद घरगुती दिसला, तरी त्याचें महत्त्व घरापुरतें नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर आक्रमण केल्यावर युरोपांत इंधनवायूची मोठी टंचाई भासूं लागली. युरोपीय संघांतील इमारतींची ऊब केवळ एका अंशानें उतरविली, तरी वर्षाला सुमारें १० अब्ज घनमीटर वायु वांचेल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें त्याच वर्षीं मार्चमध्यें मांडला. जर्मनीनें सप्टेंबरपासून सरकारी कचेऱ्यांतील तपमानावर १९ अंशांची मर्यादा घातली. अशा वेळीं दुसऱ्या पक्षाचें म्हणणें खरें कीं खोटें, याचा निर्णय करणें अगत्याचें ठरतें.

या निर्णयाचें सूत्र जुनें आहे. तापलेली वस्तु किती वेगानें निवते, याविषयींचा आपला नियम न्यूटननें १७०१ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा, कीं वस्तु भोंवतालच्या हवेपेक्षां जितकी अधिक ऊन, तितक्या अधिक वेगानें तिची उष्णता बाहेर जाते. घर ही देखील अशीच एक तापलेली वस्तु आहे. भिंती, खिडक्या, छप्पर आणि दारांच्या फटी यांतून तिची उष्णता अहोरात्र पाझरत असते.

तळाशीं बारीक चीर गेलेला रांजण डोळ्यांपुढें आणावा. तो कांठोकांठ भरलेला असेल, तर चिरेंतून धार जोरानें वाहते. पाणी खालीं गेलें, कीं धारहि मंदावते. आतां एका घरीं हा रांजण रात्रभर सतत पाणी ओतून भरलेला ठेवला, आणि दुसऱ्या घरीं पातळी उतरूं देऊन पहांटे तो पुन्हां भरला. पहांटे दुसऱ्या घरीं घागरींची धांवपळ अधिक होईल, हें खरें. परंतु एकंदर पाणी कोणत्या घरीं अधिक वाहून गेलें? अर्थात् पहिल्या.

आंकड्यांनीं हें अधिक स्पष्ट होईल. बाहेर शून्य अंश तपमान आहे, घरांत २० अंश आहे, आणि तेवढी ऊब राखण्यास दर तासाला २ युनिट उष्णता लागते, असें समजूं. आठ तासांच्या रात्रींत १६ युनिट जातील. ऊब उतरविल्यामुळें रात्रींचें सरासरी तपमान १६ अंशांवर आलें, तर गळती तासाला १·६ युनिट, म्हणजे रात्रभरांत १२·८ युनिट होईल. या १२·८ युनिटांपैकीं कांहीं भाग बॉयलरनें दिला आणि कांहीं भाग भिंतींनीं आपल्या सांठ्यांतून दिला. सकाळीं फेडावयाचें देणें तें एवढेंच, भिंतींनीं दिलेल्या सांठ्याचें. आणि तें या हिशेबांत धरलेलेंच आहे. त्यावर व्याज चढत नाहीं. उरलेले ३·२ युनिट निव्वळ वांचले. दिवसाच्या ४८ युनिटांत ही बचत सुमारें ७ टक्के भरते. ऊब दररोज आठ तास ४ ते ५॥ अंश सेल्सिअसनें बदलून ठेवल्यास वर्षाच्या खर्चांत १० टक्क्यांपर्यंत बचत होऊं शकते, असें अमेरिकेचें ऊर्जाखातेंहि सांगतें.

मग हा भ्रम टिकून कां राहतो? सकाळीं बॉयलरची घरघर सर्वांना ऐकूं येते. रात्रीं तो किती वेळ स्वस्थ होता, हें निजलेल्या माणसांना कळत नाहीं.

तथापि कांहीं मर्यादा ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. ज्या घराच्या भिंतींना उष्णतारोधक अस्तर उत्तम आहे, तें रात्रींत फारसें निवतच नाहीं. म्हणून तेथें बचत थोडी होते. जाड दगडी भिंतींच्या घराचीहि हीच गोष्ट. नव्या घरांत बाहेरील हवेंतून उष्णता ओढून आणणारे हीट पंप बसवितात, त्यांचा प्रकार मात्र निराळा. हें यंत्र संथपणें चालवावें, तितकें काटकसरीनें चालतें. सकाळीं घाईनें ऊब चढवावयास लावलें, तर त्याची कार्यक्षमता घटते. कांहीं यंत्रांत तर साध्या विजेच्या तारा तापूं लागतात आणि त्या दुपटीतिपटीनें वीज खातात. तेव्हां येथें ऊब फार उतरवूं नये आणि चढवितांना सावकाश चढवावी. म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यांत थोडें सत्य असलेंच, तर तें यंत्राच्या स्वभावांत आहे; घराच्या गळतींत नाहीं.

याहून मोठी मर्यादा माणसाच्या प्रकृतीची. थंड ऋतूंत घरांतील तपमान १८ अंशांच्या खालीं जाऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ मध्यें सुचविलें आहे. वृद्ध, तान्हीं मुलें आणि दम्याचे वा हृदयाचे रुग्ण यांना याहूनहि अधिक ऊब लागूं शकते. गार भिंतींवर दंव धरतें, ओल येते आणि बुरशी वाढते. धडधाकट कुटुंबानें रात्रीं तीनचार अंश उतरविणें ही काटकसर होय. परंतु बिलाच्या धास्तीनें एखाद्या वृद्धेनें सारी ऊब बंद करून कुडकुडत रात्र काढणें ही काटकसर नव्हे. तेथें उपाय करावयाचा तो रांजणाच्या चिरेवर. फटी बुजवाव्या, छपराखालीं अस्तर घालावें, खिडक्यांना जाड पडदे लावावे. ही बचत दिवसाहि होते आणि तिची किंमत कोणाच्याहि प्रकृतीस मोजावी लागत नाहीं.

मुंबई-पुण्याच्या घरांतूनहि हा वाद वेगळ्या रूपानें ऐकूं येतो. पाणी सांठविणारा गीझर सारा दिवस चालू ठेवावा, कीं स्नानापूर्वीं लावून नंतर बंद करावा? पुन्हां तापवावयास अधिक वीज लागते, असें येथेंहि कोणी सांगतो. त्याला उत्तर तेंच. तापलेलें पाणी जितका वेळ तापलेलें राहील, तितका वेळ तें उष्णता गमावीत राहील. ज्या ऊबेचा कोणास उपयोग नाहीं, ती राखण्यासाठीं केलेला खर्च सकाळीं परत मिळत नाहीं. जी ऊब कोणाचा जीव राखते, तिच्यांत मात्र काटकसर करूं नये.