औषधाची वेळ

मी डॉक्टर नव्हे कीं वैद्य नव्हे. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा जिल्ह्यांतील ज्या साकोली गांवावरून जातो, त्या गांवीं मीं आयुष्यभर मुलांना गणित व मराठी शिकविलें आणि आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें. मग एच्. आय्. व्ही.च्या औषधांवर बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिला, असें आपणांपैकीं कोणीहि विचारील. त्याचें उत्तर एवढेंच कीं, या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि चूक करणाऱ्यानें ती चारचौघांत सांगणें हें त्याचें कर्तव्यच असतें.

माझा एक जुना विद्यार्थी याच महामार्गावर मालमोटार चालवितो. त्यास या रोगाची बाधा असल्याचें कळलें, तेव्हां आईबापांच्याहि आधीं तो माझ्याकडे आला. सरकारी केंद्रांतून औषध सुरू झालें. वर्षभरांत त्याच्या अंगावर मांस चढलें, चेहऱ्यावर तजेला आला. दिवाळीनंतर आमच्याकडे गांवोगांवीं मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, आणि घरें पाहुण्यांनीं भरून जातात. त्या दिवसांत तो मला म्हणाला, "गुरुजी, आतां मी अगदीं धडधाकट झालों. रोज गोळी घेतांना पाहुणे विचारतात, कशाची म्हणून. कांहीं दिवस थांबलों तर चालेल ना?" मीं त्यावेळीं जें उत्तर दिलें त्याची मला आजहि लाज वाटते. मी म्हणालों, "बरोबर आहे. शरीराला थोडी विश्रांति हवीच."

पुढच्या पावसाळ्यांत, धानाची रोवणी चालू असतां, तो पुन्हां माझ्या ओसरीवर आला. खोकला, ताप, आणि अंगांत नुसतीं हाडें. तपासणींत क्षय निघाला. माझ्या एका वाक्याची ही किंमत होती. त्यानंतर मीं या औषधांविषयीं मिळेल तें वाचलें, डॉक्टरांना विचारलें, आणि जें समजलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

हा विषाणु आपल्या रक्तांतील रक्षक पेशींत शिरतो आणि तेथें आपल्या नकला काढवितो. ही नक्कल करणें औषध थांबवितें. परंतु कांहीं पेशींत तो निद्रिस्त होऊन पडलेला असतो. तेथून त्यास हुसकून लावणें आजच्या औषधांना साधलेलें नाहीं. म्हणून औषध थांबलें कीं कांहीं आठवड्यांतच तो पुन्हां डोकें वर काढतो. दुसरी गोष्ट अशी कीं, हा विषाणु वर्गांतील एखाद्या धांदरट मुलासारखा आहे. उतरवून घेतांना तो पदोपदीं चुका करतो. रक्तांत औषध पुरेसें असेल तर चुकांसह सर्वच नकला थांबतात. आज घेतलें, उद्यां चुकविलें, असें चाललें म्हणजे मात्र औषध अपुरें पडतें, आणि ज्या नकलेस तें बाधत नाहीं तीच माजते. मग तें औषध त्या रोग्यास निरुपयोगी होतें. याकरितां विश्रांति ही कल्पनाच येथें घातक आहे.

हें औषध आपणांपर्यंत पोंचलें तें कांहीं सहज नव्हे. हिंदुस्थानांत हा रोग प्रथम १९८६ सालीं मद्रासेस आढळला. १९८७ सालीं अमेरिकेंत पहिलें औषध मान्य झालें. तें एकटें फार काळ टिकाव धरीना. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याचा उपाय सिद्ध झाला, पण त्याचा खर्च वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक होता. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें परोपकारी वैद्यकीय संस्थेस तेंच औषध वर्षास ३५० डॉलरांत देऊं केलें, आणि साऱ्या जगांत खळबळ उडाली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनें हें औषध विनामूल्य देण्यास आरंभ केला, मुंबईचें जे. जे. रुग्णालय हें पहिल्या केंद्रांपैकीं एक. आणि २०१७ पासून बाधा आढळलेल्या प्रत्येकास, रक्तपेशींचा आंकडा कितीहि असो, उपचार द्यावयाचा असें ठरलें. इतक्या सायासानें आलेली गोळी पाहुण्यांच्या लाजेनें चुकवावी, हें केवढें दुर्दैव!

आज बहुतेक प्रौढ रोग्यांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन व डॉल्युटेग्रॅव्हिर या तीन औषधांची मिळून एकच गोळी दिवसांतून एकदां घ्यावयाची असते. ती जेवणाआधीं किंवा जेवणानंतर, केव्हांहि चालते. मात्र वेळ नेमलेली असावी. एखाद्या दिवशीं विसर पडला तर आठवण होतांच घ्यावी. पुढच्या गोळीस चार तासांहून कमी अवकाश उरला असेल, तर चुकलेली सोडून द्यावी व पुढची वेळेवर घ्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊं नयेत.

आतां सर्वांत दुर्लक्षित बाब सांगतों. ही गोळी इतर कांहीं औषधांशीं पटवून घेत नाहीं. पित्तावर आपण सहज घेतों तीं ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त औषधें पोटांतच डॉल्युटेग्रॅव्हिरला बांधून टाकतात व तें रक्तांत शिरूंच देत नाहींत. म्हणून ही गोळी अशा औषधापूर्वीं दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनीं घ्यावी. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांनाहि हाच नियम. मात्र भरल्या पोटीं घेतल्यास त्या बरोबर चालतात. गरोदर स्त्रियांना या दोन्ही गोळ्या नित्य मिळतात, तेव्हां त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचें प्रमाण या गोळीमुळें रक्तांत वाढतें, म्हणून डॉक्टर त्याची मात्रा मर्यादित ठेवतात. अपस्मारावरील कांहीं औषधें उलट हिचाच जोर कमी करतात. क्षयावरील रिफॅम्पिसिनहि तेंच करतें. माझ्या विद्यार्थ्यास म्हणूनच क्षयाचा उपचार चालू असेतों, आणि तो संपल्यावर आणखी दोन आठवडे, डॉल्युटेग्रॅव्हिरची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतरानें घ्यावी लागली. तात्पर्य, डॉक्टर असो, औषधविक्रेता असो, वा जडीबुटी देणारा असो, आपण कोणतें औषध घेतों हें सांगितल्यावांचून दुसरें औषध घेऊं नये.

आरंभीं कोणास मळमळ, डोकेदुखी, किंवा झोप न लागणें असा त्रास होतो. तो बहुधा थोड्या आठवड्यांत ओसरतो. झोप येत नसल्यास गोळी सकाळीं घेण्याविषयीं डॉक्टरांना विचारावें. परंतु अंगावर पुरळ व ताप, डोळे पिवळे होणें, लघवीचें प्रमाण घटणें, किंवा मनांत फार उदासी दाटणें, अशीं चिन्हें दिसल्यास विलंब न लावतां केंद्रांत जावें. आपल्याच मनानें औषध बंद करूं नये. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडावर परिणाम होऊं शकतो, यासाठीं वेळोवेळीं रक्त तपासतात. अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेणाऱ्यांनीं येथें सावध असावें. ज्यांना ब प्रकारची कावीळहि आहे, त्यांच्यांत याच गोळीनें तीहि दबून असते. औषध एकाएकीं सोडल्यास ती उसळून यकृतावर संकट येतें.

गोळ्यांच्या डबींत ओल शोषणारी लहानशी पुडी असते, ती टाकूं नये. झांकण घट्ट लावावें. मोटारीच्या तापलेल्या कप्प्यांत डबी ठेवूं नये. आणि डबी रिकामी होण्याच्या चार दिवस आधींच केंद्रांत पोंचावें. प्रवास असेल तर तेथें आधीं सांगावें.

विषाणूचें रक्तांतील प्रमाण सहाव्या महिन्यांत, बाराव्या महिन्यांत व पुढें वर्षांतून एकदां मोजतात. तें प्रमाण मोजमापाखालीं गेलें व तसेंच राहिलें, तर पतिपत्नीसंबंधांतून बाधा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीं. ही नुसती आशा नव्हे. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर एक मोठें संशोधन झालें, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाहि भाग होता. लवकर उपचारानें बाधा ९६ टक्क्यांनीं टळते असें २०११ सालीं जाहीर झालें. मातेनें औषध नियमित घेतल्यास बालकहि बहुतांशीं बचावतें.

श्रोतेहो, माझ्या विद्यार्थ्यानें गोळी सोडली ती औषधाच्या त्रासानें नव्हे. चार लोक काय म्हणतील या भयानें सोडली. आपल्या घरींहि एखादा पाहुणा, एखादी मोलकरीण, एखादा आप्त अशीच डबी लपवीत असेल. तिच्याविषयीं चौकशी करूं नका. त्याच्या हातांत पाण्याचा पेला द्या आणि पाठ फिरवा. २०१७ च्या कायद्यानें, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आहे, अशा माणसास नोकरींत, शाळेंत वा दवाखान्यांत वेगळें वागविण्यास मनाई केली आहे. त्याचें गुपित राखण्याची सक्तीहि केली आहे. पण घराच्या उंबरठ्याआंत कायद्यापेक्षां आपलें वर्तनच अधिक कामास येतें. कोणास शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. त्यास पैसे पडत नाहींत.

माझा विद्यार्थी आतां बरा आहे. शेवटच्या तपासणींत त्याच्या रक्तांत विषाणु मोजण्याइतकाहि आढळला नाहीं. रात्रीं नऊ वाजतां, रस्त्यावर कोठेंहि असला तरी, तो गाडी बाजूस उभी करतो व गोळी घेतो. गेल्या मंडईच्या रात्रीं तो आमच्याच ओसरीवर बसला होता. नऊ वाजले तेव्हां पाहुण्यांसमोर मींच तांब्या भरून आणला आणि म्हटलें, "बाबा, वेळ झाली." कोणी कांहीं विचारलें नाहीं. दंडारीचा ढोलक तेवढा वाजत राहिला.