थेंबांच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख हवी



जिल्ह्यातले नेत्रतज्ज्ञ, तालुक्यांचे फॅमिली डॉक्टर आणि औषधविक्रेते आज यवतमाळात एकत्र बसले आहेत, याचा मला फार आनंद आहे. कारण ज्या बाटलीविषयी मी बोलणार आहे, ती आपल्या तिघांच्याही हातून जाते: अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले डोळ्यांचे थेंब. टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन, आणि सोबत बहुधा डेक्सामेथासोन. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेच थेंब डोळा सांभाळतात. औषध चांगलेच आहे. मला धास्ती वाटते ती ‘डोळा लाल झाला, मेडिकलवरून थेंब आण’ या सवयीची.

आपला जिल्हा कापसाचा. वेचणीत पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागते, तुरीच्या मळणीत भुसा उडतो. बुबुळावर ओरखडा पडतो आणि त्यातून फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारखी बुरशी आत शिरते. अशा डोळ्यात स्टेरॉइड पडले की लाली उतरते, ठणका कमी होतो आणि माणूस पुन्हा वावरात जातो. पण हे थेंब बुरशी मारत नाहीत, आणि तिच्याशी झुंजणारी शरीराची ताकद स्टेरॉइडने दाबलेली असते. जखम आत आत जात राहते. रुग्ण नेत्रतज्ज्ञापर्यंत पोचतो तेव्हा बुबुळ पांढरे पडलेले असते. मग नॅटामायसिन सुरू केले तरी फूल राहते. काहींचा डोळाच जातो. हर्पिसच्या व्रणातही स्टेरॉइड असाच घात करते.

म्हणून माझा आग्रह आहे की बुबुळ तपासल्याशिवाय ही जोडी लिहू नये. फ्लुरोसीनची कागदी पट्टी आणि निळा प्रकाश एवढे साधन प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. ओरखडा हिरवा चमकला, तर स्टेरॉइड नको. रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. फवारणीचे औषध डोळ्यात उडाले असेल तर कोणत्याही थेंबाआधी निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला हवा. 2017 च्या हंगामात फवारणीतून झालेली विषबाधा या जिल्ह्याने सोसली आहे. तेव्हा आलेल्या रुग्णांत दिसेनासे झाल्याची तक्रार घेऊन आलेलेही होते.

2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती. अशी साथ बहुधा विषाणूची असते आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. एकाची बाटली घरातल्या चौघांनी वापरली तर संसर्ग मात्र पसरतो.

सर्वांत जास्त काळजी मला मुलांची वाटते. उन्हाळा लागला की ॲलर्जीने डोळे चोळणारी मुले गावोगाव दिसतात. थेंबांनी खाज थांबते, म्हणून आई तीच बाटली महिनोन् महिने आणत राहते. काही जणांच्या डोळ्यातला दाब स्टेरॉइडने काही आठवड्यांतच वाढतो. बहुतेकदा दुखत नाही, काही कळत नाही, आणि आतली नस सुकत जाते. हाच काचबिंदू. स्टेरॉइडने आलेला मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

तेव्हा चिठ्ठीवर नुसते ‘दिवसातून चार वेळा’ लिहून थांबू नका, थेंब बंद करण्याची तारीखही लिहा. शस्त्रक्रियेनंतर ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे असतील तर तेही लिहा. असे थेंब रुग्णाने मनाने अचानक सोडू नयेत. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये, थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबावा, दुसरे औषध पाच मिनिटांनी टाकावे, फोडलेली बाटली महिन्याने फेकावी, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती द्या.

औषधविक्रेत्या बंधूंनो, हे थेंब अनुसूची एच किंवा एच-1 मधले आहेत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. लाल डोळ्याचा माणूस रिकामी बाटली दाखवून ‘हीच द्या’ म्हणाला, तर ती देऊ नका. त्याला त्याच दिवशी डोळा तपासायला पाठवा.